सांस्कृतिक व्यवसायांत स्त्रिया किती, तरुण किती: आकडा नीट कसा काढावा

सांस्कृतिक व्यवसायांतल्या कामगारांची स्त्री-पुरुष आणि वयोगटनिहाय विभागणी काढायला सामग्री फार लागत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या व्यक्तिनिहाय नोंदी हव्यात आणि त्यांत व्यवसायाचा चार अंकी कोड, लिंग, पूर्ण वर्षांतलं वय, रोजगाराचा प्रकार आणि भारांक (ती नोंद लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने आहे तो आकडा) हे रकाने हवेत. गणितही टक्केवारीच्या फारसं पुढे जात नाही. तरीही एकाच देशाच्या, एकाच वर्षाच्या दोन अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत. बहुतेक वेळा त्याचं कारण गणितात सापडत नाही, ‘सांस्कृतिक’ म्हणून कोणते व्यवसाय धरले त्या यादीत सापडतं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ यादीला द्या.

आधी यादी ठरवा

व्यवसाय आणि उद्योग या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या करा. संग्रहालयातला सुरक्षारक्षक सांस्कृतिक उद्योगात आहे, पण त्याचा व्यवसाय सांस्कृतिक नाही. मोटारींच्या कारखान्यातली डिझायनर सांस्कृतिक व्यवसायात आहे, पण तिचा उद्योग सांस्कृतिक नाही. ‘सांस्कृतिक रोजगार’ म्हणून छापलेल्या आकड्यात हे दोघंही धरलेले असतात, ‘सांस्कृतिक व्यवसाय’ म्हटलं की फक्त डिझायनर धरायची. तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी त्याने यांपैकी काय मोजलंय ते पाहा.

यादीचा आधार म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं व्यवसाय वर्गीकरण, म्हणजे इस्को-०८, घ्या. त्यात ४३६ एकक गट (सगळ्यात बारीक पातळीवरचे व्यवसायगट) आहेत आणि प्रत्येकाला चार अंकी कोड आहे. सांस्कृतिक म्हणून साधारणपणे हे कोड धरले जातात:

२१६१ ते २१६६: वास्तुरचनाकार, भूदृश्यरचनाकार, वस्तू आणि वस्त्रांचे डिझायनर, नगररचनाकार, नकाशाकार व सर्वेक्षक, ग्राफिक डिझायनर
२३५३ ते २३५५: शाळा-कॉलेजच्या चौकटीबाहेर भाषा, संगीत आणि इतर कला शिकवणारे
२६२१, २६२२: अभिलेखपाल, संग्रहपाल, ग्रंथपाल
२६४१ ते २६४३: लेखक, पत्रकार, अनुवादक व दुभाषे
२६५१ ते २६५९: चित्रकार-शिल्पकार, गायक-वादक-संगीतकार, नर्तक, दिग्दर्शक-निर्माते, अभिनेते, निवेदक आणि इतर कलाकार
३४३१, ३४३२, ३४३३, ३४३५: छायाचित्रकार, अंतर्गत सजावटकार, कलादालन-संग्रहालय-ग्रंथालयातले तंत्रज्ञ, रंगमंच व्यवस्थापकांसारखे इतर
३५२१: प्रसारण आणि दृक्‌श्राव्य तंत्रज्ञ
४४११: ग्रंथालयातले कारकून
७३१२ ते ७३१९: वाद्यं बनवणारे, दागिने घडवणारे, कुंभार, काचकाम करणारे, पाट्या रंगवणारे आणि कोरीवकाम करणारे, लाकूड-वेत-वस्त्र-चामड्याचे हस्तकारागीर

या यादीच्या कडेला असलेले कोड स्त्री-पुरुषांचं प्रमाण सगळ्यात जास्त हलवतात, म्हणून ते डोळसपणे आत घ्या किंवा बाहेर ठेवा. भरतकाम हा त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. इस्को-०८ मध्ये हाताने भरतकाम करणारी कारागीर ७५३३ मध्ये, शिवणकाम करणाऱ्यांसोबत जाते. ७३१९ पर्यंतच थांबलात तर कुंभार, सोनार, सुतारकामातले नक्षीकार मोजले जातात आणि भरतकाम करणाऱ्या बायका गळतात. घरी बसून हे काम करणाऱ्यांत बहुतेक ठिकाणी स्त्रियाच जास्त असतात. नाटक-सिनेमातले रंगभूषाकार ५१४२ मध्ये सौंदर्य प्रसाधनाच्या व्यावसायिकांबरोबर जातात. २१६४ आणि २१६५, म्हणजे नगररचना आणि सर्वेक्षण, याच्या अगदी उलट. बऱ्याच देशांत हे पुरुषबहुल गट यादीत सहज बसतात आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. समजा, हजारांत: ग्रंथालय-संग्रहालयात १०० जण, त्यांत ७० स्त्रिया. कलाकार ३००, स्त्रिया १२०. वास्तुरचना-डिझाइन ४००, स्त्रिया १६०. हस्तकला २००, स्त्रिया १००. एकूण १००० मध्ये ४५० स्त्रिया, म्हणजे ४५ टक्के. आता ७५३३ मधले ३०० जण आत घेतले आणि त्यांत २४० स्त्रिया असल्या, तर १३०० मध्ये ६९०, म्हणजे ५३ टक्के. एका कोडने ‘पुरुष जास्त’चं ‘स्त्रिया जास्त’ झालं. ७५३३ मध्ये साधी शिलाईही मिसळलेली असल्यामुळे तो सरसकट आत घेणंही बरोबर ठरत नाही. उद्योगाचा कोड आणि उत्तरदात्याने सांगितलेलं कामाचं वर्णन उपलब्ध असेल तर त्यावरून भरतकाम वेगळं काढा. ते जमत नसेल तर दोन्ही आकडे छापा, यादीसकट. युनेस्कोच्या २००९ च्या सांस्कृतिक सांख्यिकी चौकटीत हस्तकला दृश्यकलांबरोबर एकाच गटात आहेत, तेव्हा कारागिरांना दुय्यम समजून तळटीपेत ढकलायला आधार नाही.

तीन अंकी कोडवर काम भागवू नका

अनेक सर्वेक्षणांच्या सार्वजनिक फाइलींत व्यवसाय फक्त तीन अंकांपर्यंत दिलेला असतो. तिथे २६२, २६४ आणि २६५ हे गट बिनधोक वापरता येतात, कारण त्यांतलं सगळंच सांस्कृतिक आहे. बाकीचे धोक्याचे आहेत. ३४३ मध्ये छायाचित्रकार आणि सजावटकारांबरोबर शेफ (३४३४) येतात. २३५ मध्ये संगीत शिक्षकांबरोबर विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षक आणि संगणक प्रशिक्षक येतात. ४४१ मध्ये ग्रंथालय कारकुनांबरोबर पोस्टमन येतात, तर ७३१ मध्ये अचूक उपकरणं बनवणारे-दुरुस्त करणारे (७३११) येतात. पोस्टमन पुरुषबहुल असले की ग्रंथालयाचा स्त्रीबहुल गट त्यात बुडून जातो.

चार अंकी फाइल मागून मिळते का ते आधी बघा. अर्ज आणि गोपनीयतेचा करार करून ती अनेकदा मिळते. नाहीच मिळाली तर मिश्र गट तीन अंकी स्वरूपात आत घेण्यापेक्षा ते वगळा आणि वगळल्याचं लिहा. काही जण जनगणनेतून प्रत्येक चार अंकी कोडचा वाटा काढून त्याच प्रमाणात तीन अंकी गट विभागतात. एकूण संख्येसाठी ही युक्ती चालते. लिंग आणि वयासाठी मात्र तो वाटा लिंग व वयोगटनिहाय वेगळा काढावा लागतो, नाहीतर शेफचं वय छायाचित्रकारांना चिकटतं.

कोड पडताना काय होतं

प्रश्नावलीत ‘आर्टिस्ट’, ‘डिझायनर’, ‘क्लास घेते’ असं एका शब्दात लिहिलेलं उत्तर कोडिंग करणाऱ्याला अडवतं. तुमच्या हातात मूळ वर्णन असेल तर शंभरेक नोंदी स्वतः तपासा. वेब डिझायनर दिसण्यावर काम करत असेल तर २१६६, प्रोग्रॅमिंग करत असेल तर २५१३. स्थिरचित्रांचा छायाचित्रकार ३४३१, सिनेमाचा कॅमेरा चालवणारा ३५२१, पण छायाचित्रण दिग्दर्शक आणि चित्रपटाचा संकलक २६५४. माध्यमिक शाळेत संगीत शिकवणारी शिक्षिका २३३० मध्ये, म्हणजे यादीबाहेर. तेच संगीत घरी क्लास घेऊन शिकवणारी २३५४ मध्ये, म्हणजे आत.

एक नोंद जवळून पाहू. वय ४१, स्त्री. आठवड्यातले पाच दिवस नृत्याचे क्लास, सुमारे २२ तास. शनिवार-रविवारी प्रयोग आणि तालमी, सुमारे १० तास. मुख्य काम सहसा नेहमीच्या तासांवरून ठरतं, म्हणून ही व्यक्ती २३५५ मध्ये जाते आणि नर्तक (२६५३) या गटात दिसतच नाही. नर्तकांचं वय कमी दिसतं त्यामागे शरीराची मर्यादा आहेच. पण चाळिशीनंतर नाचणारे अनेक जण उत्पन्नासाठी शिकवतात आणि त्यामुळे दुसऱ्या कोडमध्ये मोजले जातात, हेही त्यामागे आहे. दुय्यम कामाचा रकाना असेल तर दोन तक्ते करा: एक फक्त मुख्य कामाचा, दुसरा मुख्य किंवा दुय्यम यांपैकी एक जरी सांस्कृतिक असलं तर धरणारा. दुसऱ्या तक्त्यात एक व्यक्ती एकदाच मोजली जाईल याची खात्री करा.

कोणाला कामात धरलं

श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ मधल्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोजगाराची व्याख्या मोबदला किंवा नफ्यासाठी केलेल्या कामापुरती ठेवली. स्वतःच्या घरच्या वापरासाठी विणलेली घोंगडी, घडवलेली भांडी आता रोजगारात येत नाहीत. त्याआधीच्या व्याख्येवर चालणाऱ्या सर्वेक्षणात ती येऊ शकतात. जुनी आणि नवी व्याख्या वापरणारी दोन वर्षं शेजारी ठेवलीत तर हस्तकलेतल्या स्त्रिया अचानक कमी झाल्यासारख्या दिसतील, प्रत्यक्षात बदललेली असेल ती व्याख्या.

कुटुंबाच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारे मात्र रोजगारात मोजले जातात आणि तेच सगळ्यात जास्त सुटतात. कुंभाराच्या घरी माती मळणं, भांडी वाळवणं, रंगवणं ही कामं घरातल्या स्त्रिया करतात, आणि प्रश्नावलीला उत्तर देणारा पुरुष त्यांच्यापुढे ‘घरकाम’ सांगतो. म्हणून प्रत्येक व्यवसायात किती नोंदी त्या व्यक्तीने स्वतः दिल्या आणि किती दुसऱ्याने दिल्या हे लिंगनिहाय मोजा. स्त्रियांच्या बाबतीत दुसऱ्याने दिलेली उत्तरं खूप जास्त असतील तर हस्तकलेतला स्त्रियांचा आकडा किमान अंदाज समजा आणि तसंच लिहा. ही सूचना देणं आवश्यक आहे. या स्त्रिया तक्त्यातून गेल्या की त्यांच्यासाठीच्या योजना, विमा आणि प्रशिक्षणातूनही जातात.

संदर्भ आठवडा, म्हणजे ज्या आठवड्यातल्या कामाबद्दल विचारलंय तो, तोही पाहा. प्रयोग, चित्रीकरण आणि उत्सवांचं काम हंगामी असतं. एकाच तिमाहीचा डेटा घेतला तर वादक आणि तंत्रज्ञ कमी-जास्त दिसतात. पूर्ण वर्षाच्या चारही तिमाही जोडा आणि भारांक चारने भागा.

टक्केवारी: छेद कोणता

‘सांस्कृतिक व्यवसायांतल्या कामगारांत स्त्रिया किती टक्के’ आणि ‘काम करणाऱ्या स्त्रियांपैकी किती टक्के सांस्कृतिक व्यवसायांत’ यांचा अंश एकच आहे, छेद वेगळे आहेत. पहिला आकडा व्यवसायाचं स्वरूप सांगतो, दुसरा स्त्रिया कोणत्या कामांकडे वळतात ते सांगतो. दोन्ही काढा, पण एका वाक्यात मिसळू नका. बेरीज नेहमी भारांकांची करा, नोंदींची नाही.

कोणताही आकडा एकूण श्रमशक्तीच्या शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नका. सांस्कृतिक व्यवसायांत ४५ टक्के स्त्रिया असणं, जिथे एकूण कामगारांत स्त्रिया ४७ टक्के आहेत तिथे एक गोष्ट सांगतं आणि जिथे २५ टक्के आहेत तिथे अगदी दुसरी. डिझाइन, लेखन, ग्रंथालय या व्यवसायांत पदवीधर जास्त असल्यामुळे फक्त पदवीधर कामगारांशी तुलना करणारा तिसरा रकाना जोडा. सगळ्या श्रमशक्तीशी दिसणारा फरक पुष्कळदा तिथे बराच कमी होतो.

वय

१५–२४, २५–३४, ३५–४४, ४५–५४, ५५–६४ आणि ६५ पुढे असे गट पुरेसे आहेत. शेवटचा गट कापू नका. बरीच प्रकाशनं ६४ ला थांबतात, पण लेखक, चित्रकार, गायक, कारागीर त्यापुढेही काम करतात आणि ६४ ची मर्यादा त्यांनाच वगळते.

वय गटांत असेल तर सरासरीपेक्षा मध्यक (ज्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे येतात ते वय) काढा, कारण ६५ पुढचा गट उघडा असतो आणि सरासरीसाठी त्याचं वय अंदाजाने धरावं लागतं. समजा शंभर जणांत वरच्या क्रमाने १२, ३०, २६, १८, १०, ४ आहेत. निम्मे ५०. ३४ पर्यंत ४२ झाले, पुढच्या गटातल्या २६ पैकी ८ हवेत. ३५ + १० × ८ ÷ २६ = ३८.१ वर्षं. वय पूर्ण वर्षांत नोंदलेलं असल्याने गटाची सुरुवात ३५.० धरायची. ३४.५ धरलं तर उत्तर अर्ध्या वर्षाने कमी येतं.

वयं ० आणि ५ वर संपणारी सांगण्याची सवय तपासायला व्हिपल निर्देशांक वापरा: २३ ते ६२ वयाच्या लोकांत ० आणि ५ ने संपणारी वयं किती ते मोजा, त्याला ५ ने गुणा, त्या वयांतल्या एकूण लोकांनी भागा आणि १०० ने गुणा. १०० आलं तर सवय नाही, ५०० आलं तर सगळ्यांनीच गोल आकडे सांगितलेत. हस्तकलांच्या गटात तो लेखक-पत्रकारांपेक्षा बराच वर गेला, तर एकेका वर्षाच्या वयावर काहीही बोलू नका, दहा वर्षांच्या गटांवरच थांबा.

स्त्रिया आणि वय एकत्र

खरी माहिती इथे आहे. प्रत्येक वयोगटात स्त्रियांचा वाटा काढा, तोही व्यवसायगटनिहाय. बहुतेक वेळा तरुण गटांत वाटा जास्त आणि पुढे कमी होत गेलेला दिसतो. लगेच ‘स्त्रिया मध्येच काम सोडतात’ असा निष्कर्ष काढला जातो. एका वर्षाच्या तक्त्यावरून तो काढता येत नाही. आजच्या पन्नाशीच्या स्त्रिया पंचविशीतच कमी संख्येने आल्या असतील, तर कुणीही न सोडता हाच उतार दिसेल.

दोन्ही शक्यता वेगळ्या करायला दहा वर्षांच्या अंतराची दोन सर्वेक्षणं घ्या. पहिल्यातला २५–३४ गट दुसऱ्यात ३५–४४ होतो. त्या गटातली स्त्रियांची अंदाजित संख्या आणि पुरुषांची अंदाजित संख्या वेगवेगळी पाहा. स्त्रियांची संख्या घटली आणि पुरुषांची टिकली, तर सोडून जाणं खरं आहे. दोन्ही टिकल्या तर उतार पिढीचा आहे. नुसत्या वाट्यावर विसंबू नका, कारण पुरुष जास्त संख्येने नव्याने आले तरी स्त्रियांचा वाटा घटतो. मोठं स्थलांतर झालेल्या ठिकाणी हा हिशेब बिघडतो.

नमुना पुरतो का

सांस्कृतिक व्यवसाय एकूण रोजगाराचा लहान हिस्सा असतात. मोठ्या सर्वेक्षणातही ‘५५–६४ वयाच्या स्त्री दिग्दर्शक’ या चौकटीत चार-पाच नोंदी उरतात. भारांक लावल्यावर त्या हजारोंच्या दिसतात आणि फसवतात. म्हणून प्रत्येक चौकटीत भारांक न लावलेली नोंदसंख्या बाजूला ठेवा.

समजा एका गटात २०० नोंदी आणि स्त्रियांचा वाटा ४५ टक्के. साधी प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे आकडा साधारण किती हलू शकतो ते: ०.४५ × ०.५५ ÷ २०० याचं वर्गमूळ, म्हणजे ०.०३५. सर्वेक्षण गट-नमुन्याचं असल्याने, म्हणजे सुटी माणसं न निवडता गावं-वस्त्या निवडल्याने, रचना-परिणाम धरावा लागतो. त्रुटीचा वर्ग त्यामुळे किती पट होतो ते तो सांगतो. तो १.५ असेल तर त्रुटी ०.०४३. ९५ टक्के विश्वासपातळीला उत्तर ४५ अधिक-उणे ८.४. गेल्या वर्षी ४१ होतं आणि यंदा ४५ झालं, ही बातमी या नमुन्यावर देता येत नाही. ३० पेक्षा कमी नोंदींची चौकट छापू नये, हा नियम पाळायला सोपा आहे.

चौकटी पुरत नसतील तर तीन वर्षं एकत्र करा आणि भारांक तीनने भागा. फिरत्या पॅनेलमध्ये (त्याच कुटुंबांना काही काळ पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या सर्वेक्षणात) तीच व्यक्ती अनेकदा येते, त्यामुळे नोंदी तिप्पट झाल्या तरी माहिती तिप्पट होत नाही. त्रुटी काढताना व्यक्ती किंवा कुटुंब हा गट धरा. त्यानंतरही कमी पडलं तर वयोगट तीन करा: ३५ खाली, ३५–५४, ५५ पुढे. व्यवसाय एकत्र करण्याआधी वयोगट एकत्र करा. ग्रंथपाल आणि ध्वनितंत्रज्ञ एका गटात टाकले की स्त्री-पुरुषांचं चित्रच पुसलं जातं.

वर्षांची तुलना

इस्को-८८ या जुन्या आवृत्तीवरून इस्को-०८ वर जाताना मालिका तुटते. जुन्या २४५५ मध्ये अभिनेते आणि दिग्दर्शक एकत्र होते, आता अभिनेते २६५५ आणि दिग्दर्शक-निर्माते २६५४. जुन्या २४५१ मधले लेखक आणि पत्रकार आता २६४१ आणि २६४२. तुलना करायचीच असेल तर नवे कोड जोडून जुन्यासारखे करा. जुने फोडून नवे करता येत नाहीत.

स्त्रियांचा वाटा वाढला असेल तर तो कशामुळे हे वेगळं काढा. लोकसंख्याशास्त्रज्ञ इव्हलिन कितागावा यांनी १९५५ मध्ये दिलेली रीत इथे पुरते. समजा दोनच गट आहेत. आधी दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा, स्त्रिया ६० आणि २० टक्के, एकूण ४०. नंतर हिस्सा ६० आणि ४०, स्त्रिया ६२ आणि २०, एकूण ४५.२. हिश्शातला बदल गुणिले स्त्रियांच्या वाट्याची दोन वर्षांची सरासरी: ०.१ × ०.६१ उणे ०.१ × ०.२ = ०.०४१. वाट्यातला बदल गुणिले हिश्शाची सरासरी: ०.०२ × ०.५५ = ०.०११. म्हणजे ५.२ टक्केबिंदूंपैकी ४.१ केवळ स्त्रीबहुल गट मोठा झाल्यामुळे आले. व्यवसायाची दारं उघडल्यामुळे १.१ च.

स्त्री-पुरुष वेगवेगळ्या व्यवसायांत किती विभागलेत ते एका आकड्यात हवं असेल तर डंकन निर्देशांक काढा: प्रत्येक व्यवसायातला स्त्रियांचा आणि पुरुषांचा टक्केवारीतला हिस्सा, त्यांतल्या फरकांची चिन्ह सोडून बेरीज, भागिले दोन. वरच्या चार गटांच्या उदाहरणात तो १४.१ येतो. गट जितके बारीक कराल तितका तो वाढतो किंवा तसाच राहतो, कमी कधीच होत नाही. म्हणून वेगवेगळ्या तपशिलाच्या दोन याद्यांचे निर्देशांक शेजारी ठेवू नका.

छापण्याआधी

तक्त्याखाली इतकं असू द्या: वापरलेले सगळे कोड, वर्गीकरणाची आवृत्ती, मुख्य काम की दुय्यमही, वयाची खालची-वरची मर्यादा, जोडलेली वर्षं, प्रत्येक चौकटीतल्या नोंदी. लिंगाचे दोनच पर्याय प्रश्नावलीत असतील तर तेही लिहा. तिसरा पर्याय असेल आणि नोंदी थोड्या असतील, तर त्या वयोगटात फोडू नका. एवढ्या लहान व्यवसायात गाव आणि वयावरून माणूस ओळखू येतो. एक चौकट झाकली की तिच्या ओळीतली आणि रकान्यातली आणखी एकेक चौकट झाका, शिवाय त्या दोघींच्या रकान्या-ओळीच्या छेदावरची चौथीही झाका, नाहीतर बेरजेतून वजाबाकी करून झाकलेला आकडा कुणीही काढतो.